शाईताईची फुली

शाईताईला घेऊन सिनेमाला जायचं तर कोपऱ्यातल्या खुर्च्या धराव्या लागतात. मधे बसलं की चारी बाजूंची माणसं वळून बघतात, मग माझं डोकं फिरतं, आणि सिनेमा राहतो बाजूला. दोन महिन्यांपूर्वी असंच झालं. पडद्यावर एक आई मुलाचा रक्तानं भरलेला सदरा धूत होती. मोठं घमेलं, वाफाळतं पाणी, मागे व्हायोलिन. सगळं थिएटर नाक ओढत होतं. शाईताई मोठ्यानं म्हणाली, "गरम पाण्यात घातलास ना? गेला आता सदरा."

पुढचा गृहस्थ वळला. "बाई, जरा शांत बसता का?"

"अहो, रक्त गरम पाण्यात पक्कं होतं. थंड पाणी लागतं त्याला."

"तिचा मुलगा गेलाय."

"मुलगा गेला, आता सदरापण घालवतेय."

मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. तो गृहस्थ मला म्हणाला, "तुम्ही तरी सांगा यांना." मी म्हटलं, "बरोबरच बोलतेय ती. एकतीस वर्षं काढलीत तिनं डागांत. तुम्ही काय काढलंय?" त्यानं खुर्ची बदलली. त्या सिनेमाबद्दल माझं मत वेगळं नव्हतं, पण कारण वेगळं होतं. त्यातले सगळे गरीब लोक सारखे खिडकीबाहेर बघत गप्प बसलेले. आमच्यात इतकं गप्प कोण असतं? आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं नाही तरी तीन मजले बोलतात.

हिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी कुठे नाही. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं कायम काळी, म्हणून शाईताई. शहरातल्या सगळ्यात मोठ्या लाँड्रीत ती खुणा घालायच्या टेबलावर होती. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, लोकांच्या घरचे कपडे, सगळं आधी तिच्या हातात. कॉलरच्या आत, खिशाच्या अस्तरावर, चादरीच्या कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईनं गिऱ्हाइकाचा नंबर घालायचा, आणि नंबराच्या डावीकडे बारीक खूण. ठिपका म्हणजे कांजी करायची. फुली म्हणजे जपून: कापड विरलंय, मशीनमध्ये टाकू नका, हातानं धुवा, उन्हात घालू नका. दोन रेघा म्हणजे हा डाग निघणार नाही आणि गिऱ्हाइकाला तसं सांगितलेलं आहे. एवढ्या तीन खुणांवर दीडशे बायकांचं काम चालायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकासुद्धा त्या खुणा लांबून ओळखायच्या.

रिटायर झाल्यावर तिचे हात मोकळे झाले आणि तिथेच सगळं बिघडलं. दोन खोल्यांचं घर, मुलगा, सून. आधी तिनं घरातल्या उशांना नंबर घातले, मग टॉवेलांना. सून हसून सांगते, "परवा माझ्या रुमालावर ठिपका होता. मी म्हटलं, सासूबाई, रुमालाला कांजी? तर म्हणाल्या, हात गेला गं आपसूक." कपाटात नवऱ्याचा एक स्वेटर आहे. तो जाऊन नऊ वर्षं झाली. कॉलरच्या आत शाईची फुली आहे. तो जिवंत असतानाच घातलेली.

बसायचं कसं ते तिला माहीत नाही. सारखा पाय हलतो. सून एकदा वैतागून म्हणाली, "सिनेमा तरी बघून या, तिथे तरी बसाल." तेव्हापासून दर बुधवारी दुपारी आम्ही दोघी जातो. मी का जायचे? एक म्हणजे, दिवसभर युनियनमध्ये लोकांची भांडणं सोडवून माझंही डोकं तापलेलं असतं. दुसरं कारण आता लिहिताना लाज वाटते, पण लिहायला घेतलंय तर लिहिते. मला वाटायचं, मी हिच्यावर उपकार करतेय. मी हिला माफ केलं होतं आणि ते हिला सांगितलंही नव्हतं, केवढा माझा मोठेपणा.

दुसऱ्या सिनेमात नायिका दहा वर्षं एकच पिवळा फ्रॉक घालून नायकाची वाट बघते. शाईताई मध्यंतरापर्यंत चुळबुळत राहिली. "दहा वर्षं. एक काख विटली नाही, एक बटण सैल नाही. हिनं वाट पाहिली की कपाटात बसून होती?" मी म्हटलं, "शाईताई, ते प्रेम आहे." ती म्हणाली, "प्रेम असू दे. घाम येतो की नाही माणसाला?"

तिसरा सिनेमा आमचाच होता.

चौदा वर्षांपूर्वी त्या लाँड्रीत संप झाला. मागण्या दोनच. ब्लीचनं हात सोलवटत होते, म्हणून हातमोजे. दहा तास उभं राहून पाय सुजत होते, म्हणून स्टुलं. मी तेव्हा पिळणीवर होते. पिळणी म्हणजे ओले कपडे गरगर फिरवून पिळणारं मशीन. सहावीनंतर माझी शाळा सुटली होती, पण कामगार कायद्याची पुस्तकं मी रद्दीतून आणून, शब्दाखाली बोट ठेवून वाचली होती. वकिलाला कलम सांगायचे तेव्हा तो पान उलटून बघायचा आणि माझंच बरोबर निघायचं. साहजिकच पुढारीण मी झाले.

नवव्या दिवशी मॅनेजरची गाडी दारात आली. बाहेरून आणलेला माणूस, नवीन, कधी कपड्याला हात न लावलेला. काच खाली करून म्हणाला, "चादरी धुणाऱ्यांनी मला कायदा शिकवू नये." माझ्या खांद्याला पिशवी होती. ती मी काढली आणि गरकन फिरवून त्याच्या तोंडावर मारली. त्याचा चष्मा उडाला, पिशवी गाडीतच पडली, गाडी आत गेली. त्या पिशवीवर मी आजवर जगलेय म्हटलं तरी चालेल. कुठल्याही मोर्चात कोणी तरी ओळख करून देतं, "याच त्या, पिशवीवाल्या."

एकोणिसाव्या दिवशी आम्ही जिंकलो. हातमोजे आले, स्टुलं आली. पण सहा बायकांना परत घेतलं नाही. त्यांत वाफेवाली होती, शाईताईची जिवाभावाची मैत्रीण. ती वाफेच्या इस्त्रीवर होती, म्हणून ते नाव. आता कोपऱ्यावर तिचं स्वतःचं छोटं इस्त्रीचं दुकान आहे आणि गुरुवारी शाईताई तिथे जाऊन कपड्यांना नंबर घालून देते.

त्या सहाजणींसाठी आम्ही कामगार कार्यालयात गेलो. तिथे मॅनेजरची फाइल माझ्यासमोर उघडली गेली आणि त्यात एक कागद निघाला. आमच्या बायकांची यादी, शाईताईचं अक्षर, आणि नेमक्या त्या सहा नावांपुढे फुल्या. मी त्याची नक्कल मागून घेतली, पेटीत ठेवली, आणि कोणाला एक शब्द बोलले नाही. संघटना फुटली असती. फक्त मनाशी ठरवलं की या बाईला कमिटीत कधी घ्यायचं नाही. चौदा वर्षं घेतलं नाही.

चार वर्षांपूर्वी एक कादंबरीकार टेप घेऊन तीन रविवार माझ्याकडे बसला. चांगला ऐकणारा होता. असे ऐकणारे धोक्याचे असतात, माणूस बोलत सुटतो. मी त्याला फुल्यांचंही सांगितलं, "नाव घालू नका" एवढं बजावून. त्यानं नाव घातलं नाही. पुस्तक आलं, गाजलं, मला सही करून दिलं. मी त्यातली माझी पानं वाचली. सगळं पुस्तक वाचलं असं मी लोकांना सांगते, पण वाचली फक्त माझी पानं. आणि यंदा त्याचा सिनेमा निघाला.

बुधवारी दुपारी आम्ही दोघी कोपऱ्यात बसलो. लाँड्री त्यांनी छान उभी केली होती, नुसती वाफ कमी होती. माझं काम करणारी नटी माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि भलतीच देखणी. पिशवीचा प्रसंग आला. गाडी, काच, शब्द तेच. तिनं पिशवी फिरवली आणि थिएटरात शिट्ट्या वाजल्या. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

शाईताईनं अंधारात विचारलं, "त्या पिशवीत काय होतं गं?"

"डबा असेल. गप्प बस, बघू दे."

पुढच्याच प्रसंगात एक कारकून बाई, बारीक डोळ्यांची, दिव्याखाली यादी घेऊन बसते. मॅनेजर पाठीमागे उभा. ती एकेका नावावरून करकचून फुली मारते, सहा वेळा, आणि प्रत्येक फुलीला ढोलासारखा आवाज. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शाईताईकडे बघितलं. ती पुढे झुकली होती. पाय हलायचा थांबला होता. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. नायिका पावणेदोन तास एकच एप्रन न मळता घालून वावरत होती, त्यावरही नाही. मी मनात म्हटलं, लागलं वाटतं मनाला. उशिरा का होईना.

सिनेमावाल्यांनी कबूल केलं होतं की रविवारी सकाळी दहाला लाँड्रीतल्या जुन्या-नव्या सगळ्या बायकांसाठी एक खेळ फुकट दाखवायचा. ते मीच ठरवून आणलं होतं. तो रविवार अकरा दिवसांवर होता. पुढच्या बुधवारी शाईताई आली नाही. मी एकटी तिकीट खिडकीपाशी गेले तर आतला म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीला काही झालंय का? चार दुपारी येऊन गेल्या. तोच सिनेमा. अर्ध्यात उठून जातात."

मी तिथूनच तिच्या घरी गेले. दुपारची वेळ, सून कपडे वाळत घालत होती, शाईताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी. खुर्ची होती तरी उभी.

"चार वेळा बघितलास म्हणे."

"पाच. एकदा पलीकडच्या थिएटरात. इथला तो खिडकीवाला चौकशा करतो."

"काय आहे एवढं त्यात?"

"कागद बघते. ती नावावरूनच फुली मारते. नाव झाकून जातं. मी तशी कधी मारली नाही. डावीकडे, बारीक, नंबराच्या आधी. नाव वाचता नाही आलं तर माल कुणाचा ते कळणार कसं?"

मला वाटलं, आली वेळ. मी खुर्ची ओढली, बसले, आवाज मऊ केला. माझा आवाज मऊ झाला की लोक घाबरतात, पण मला तेव्हा ते कळत नव्हतं. "शाईताई, जाऊ दे ते. मी तुला केव्हाच माफ केलंय."

"कशाबद्दल?"

"आता कशाला बोलायचं? चौदा वर्षं कुणाला कळू दिलं नाही मी."

"अगं पण कशाबद्दल?"

"सहा नावं मॅनेजरला दिलीस, त्याबद्दल."

ती सुनेकडे वळली. "ही काय म्हणतेय गं?"

सून तोंडातला चिमटा काढून म्हणाली, "तुम्हाला माफ केलंय म्हणतात. आता कशाबद्दल ते सांगताहेत."

शाईताई माझ्याकडे वळली. चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी तिथे पटाईत आहे. तिनं काळं बोट टेबलावर ठेवलं आणि एकेक शब्द मोजून बोलली. "नवव्या दिवशी सकाळी तुझ्या हातात एक कागद दिला होता. दारावर कोणी कधी बसायचं त्याचा. तूच म्हणालीस, शाईताई, तुझं अक्षर चांगलं, तू लिही. आठवतं?"

"कागद रोजच असायचे."

"सहाजणींपुढे मी फुली घातली होती. एकीला सातवा महिना. वाफेवालीला दमा. दोघींचे हात कोपरापर्यंत सोललेले. एकीचं ऑपरेशन झालेलं. आणि ती घडीखात्यातली, पोलीस बघून जिला भोवळ यायची. फुली म्हणजे काय गं?"

मी खुर्ची मागे सरकवली.

"सांग की. आठ वर्षं पिळणीवर होतीस. फुलीचं कापड मशीनमध्ये टाकलं की मुकादमीण कान धरायची तुझा. फुली म्हणजे काय?"

"जपून," मी म्हटलं.

"तो कागद वाचलास तू?"

नव्हता वाचला. घडी घालून दिला, मी घाईत होते.

"कुठे ठेवलास?"

बाहेर सुनेनं चादर झटकली, तिचा फडाड आवाज झाला. मला त्या क्षणी दिसलं ते सगळं, सिनेमात दिसतं त्यापेक्षा स्पष्ट. दुसऱ्या दिवशी वॉचमननं पिशवी परत आणून दिली होती. डबा होता, छत्री होती, कलमांची वही होती. कागद नव्हता. मी शोधलाही नाही. त्या दिवशी मला खांद्यावर घेऊन मिरवत होते.

"पिशवीत," मी म्हटलं.

"मला तेव्हा वाटलं, आजारी बायका त्याला नको होत्या म्हणून काढल्या. कामाचे हात ठेवले आणि मोडके टाकले. मालक तेच करतात." ती अजून उभीच होती. "परवा ती नटी पिशवी मारते आणि लगेच ती दुसरी फुल्या मारते. लागोपाठ दोन्ही बघितलं तेव्हा डोक्यात आलं. त्या माणसाला फुली काय माहीत? त्यानं बघितलं असेल, सहा नावांवर खूण आहे, म्हणजे ह्याच मुख्य."

मी म्हटलं, "मी फाइलमध्ये तो कागद बघितला. मला वाटलं..."

"तू फुली बघितलीस आणि तुला जपून वाटलं नाही?"

नाही वाटलं. तोवर मी कार्यालयातले इतके कागद वाचले होते की फुली म्हणजे काट, एवढंच डोळ्यांना दिसत होतं. मी कायदा वाचायला शिकले आणि लाँड्री वाचायला विसरले. मॅनेजरला जे कळलं नाही ते मलाही कळलं नाही, आणि मला तर कळायला हवं होतं.

"म्हणून मला कमिटीत घेतलं नाहीस का?" तिनं विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, भाषण येत नाही म्हणून. शिकत होते मी. आरशासमोर उभी राहून."

सून आत आली होती. हळूच म्हणाली, "खरंय. मी ऐकलंय. 'भगिनींनो'च्या पुढे जात नव्हत्या."

यावर माणसानं काय करावं? माफी मागावी. मी काय केलं तर चिडले. "मग तेव्हाच का नाही बोललीस? माणसानं तोंड उघडावं की," असं काहीबाही बोलून उठले. ती म्हणाली, "माझं राहू दे बाजूला. त्या सहाजणींना माझ्या फुलीनं दाखवून दिलं. रविवारी वाफेवाली येणार आहे. हा सिनेमा बघून ती मला काय समजेल, आणि नाही समजली तर मी तिला काय सांगू, एवढंच मला कळत नाही." मी म्हटलं, "खेळ रद्द करते." ती म्हणाली, "पळ काढते म्हण." मी म्हटलं, "मग मी बोलते सगळ्यांसमोर." ती म्हणाली, "तू भाषण करशील." मी चपला घातल्या. खाली रस्त्यावर आल्यावर कळलं, एक माझी होती, एक सुनेची.

तीन दिवस मी कुठे धड बसले नाही. युनियनच्या खोलीत गेले, उठले. एका बाईचं नोटिशीचं काम होतं, तिच्यावर विनाकारण खेकसले. पेटी उघडून तो कागद काढला. फुल्या सगळ्या डावीकडे, नावाला न चिकटणाऱ्या, मुंगीएवढ्या. चौदा वर्षांपूर्वी मला त्या केवढ्या दिसल्या होत्या. कादंबरीकाराला फोन केला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पण प्रतीक म्हणून फुली फार छान उतरलीय." मी म्हटलं, "प्रतीक गेलं चुलीत, ती फुली आहे." तो म्हणाला पुढच्या आवृत्तीत टीप घालू. मी फोन ठेवला.

रविवारी थिएटर भरलं. आमच्या बायका सिनेमाला येतात तेव्हा घर उचलून आणतात: नातवंडं, विणकाम, उसनी दिलेली छत्री परत करायला. वाफेवाली दम्याचा पंप हातात धरून तिसऱ्या रांगेत बसली, शेजारी शाईताई. मी दाराशी उभी राहिले, मला खुर्ची नको होती. निर्मात्याचा माणूस पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, लोक रडतात का ते मागे वळून बघत.

पिशवीला शिट्ट्या झाल्या. पाच-सहा बायका वळून माझ्याकडे बघून हसल्या. मी हसले नाही.

मग ती बारीक डोळ्यांची बाई दिव्याखाली बसली. पहिली फुली पडली. मी शाईताईकडे बघत होते. तिची मान ताठ होती.

मागून कोणी तरी म्हणालं, "काळजी करतेय बघ पोरींची."

"कुठल्या नावाला घातली?"

"मघाच्या त्या गरोदर बाईला. बरोबर आहे."

"पण नावावर कशाला मारतेय? वाचता यायचं का पुढे?"

"कुणी शिकवलंच नाही तिला. डावीकडे बारीक घालायची असते, बाई," हे वाफेवाली, थेट पडद्याला, दम लागेपर्यंत मोठ्यानं. सगळं थिएटर हसलं. ढोलासारखे आवाज चालूच होते, आणि दर आवाजाला आमच्या बायका माना डोलवत होत्या, बरोबर, बरोबर म्हणून. निर्मात्याचा माणूस उठून मागे बघायला लागला. त्याच्या सिनेमातली सगळ्यात दुष्ट बाई दीडशेजणींना एकदम आवडली होती. शाईताईनं तोंडावर हात धरला होता. हसत होती की काय, ते मला दाराशी दिसलं नाही.

मग पडद्यावर त्या सहाजणींना दारातून परत पाठवतात. थिएटर बुचकळ्यात पडलं. एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "फुली असून काढलं? का म्हणून?"

तो प्रश्न तसाच राहिला, अगदी शेवटपर्यंत.

दिवे लागले. निर्मात्याच्या माणसानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "आता खऱ्या पिशवीवाल्या ताईंना मी पुढे बोलावतो." टाळ्या. मी गेले. वाटेत ठरवलं होतं ते सगळं डोक्यातून उडालं, ते बरंच झालं. मी म्हटलं, "त्या पिशवीत पाळ्यांचा कागद होता. शाईताईनं सहाजणींना जपायला सांगितलं होतं, मी तो न वाचता मॅनेजरच्या अंगावर फेकला. त्याला फुली कळली नाही, म्हणून त्या गेल्या. आणि चौदा वर्षं मला वाटत होतं की शाईताईनं दगा दिला."

एवढंच. टाळ्या आल्या नाहीत.

वाफेवालीनं पंप ओढला. सगळे थांबले, कारण तिचं बोलणं पंपानंतर येतं हे सगळ्यांना माहीत आहे. "म्हणजे पिशवी तुझी, फुली हिची, आणि नोकरी माझी."

"हो."

ती शाईताईकडे वळली. शाईताई उठून उभी राहिली होती, ओठ हलत होते, आणि मला कळलं, ती 'भगिनींनो'च्या पुढे जायचा प्रयत्न करतेय.

"बस गं," वाफेवाली म्हणाली. "माझ्या नावाला फुली घातलीस ना तू? मग झालं. कापड तू नीट दिलं होतंस. मशीनमध्ये हिनं टाकलं."

आणि शाईताई बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिला खुर्चीला पाठ टेकून बसलेली बघितलं. पाय हलत नव्हता. मी मात्र माइक हातात धरून उभीच. कुणी तो माझ्या हातातून घेईना.

वाफेवाली माझ्याशी अजून बोलत नाही. माझे कपडे इस्त्री करते, चोख करते, पण निरोप शाईताईकडून येतो. "पुढारीणबाईंना सांग, निळ्या ब्लाउजची बाही उसवलीय." मी शाईताईकडून उत्तर पाठवते. शाईताई आता कमिटीत आहे. पहिल्याच बैठकीत तिनं मला तीनदा खोडून काढलं, तेही भाषण न करता. बुधवारी आम्ही अजून सिनेमाला जातो. आता चुळबुळ मी करते.

हे लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिलं. तिची गोष्ट आहे, चुकीची नको. दोन दिवसांनी कागद परत आले. वरच्या कोपऱ्यात डावीकडे शाईची बारीक खूण होती. दोन रेघा: डाग निघणार नाही, तसं सांगितलेलं आहे.

मी विचारलं, "कुठल्या वाक्यासाठी?"

ती म्हणाली, "खूण अख्ख्या कपड्याला असते. आणि ठिपका, फुली, रेघा ह्या क्रमानं तू लिहिलंयस ते बरोबर आहे, त्याला हात लावू नको."